अल्पशा आजाराने

आमच्या दैनिकात श्रद्धांजलीच्या पानावर माणसं दोनच प्रकारच्या आजारांनी जातात. 'अल्पशा आजाराने' आणि 'दीर्घ आजाराने'. बावीस वर्षं मी ते पान तपासतो आहे. डिचोलीहून, सांग्याहून, काणकोणहून मजकूर येतो. पूर्वी वहीच्या कागदावर यायचा, आता मोबाईलवर येतो. त्यात 'पश्चात'चा 'पश्च्यात' झालेला असतो, एखादी सून राहून गेलेली असते (मग दुसऱ्या दिवशी फोन येतो, आणि तो मुद्रितशोधकालाच घ्यावा लागतो). आजार अल्प की दीर्घ, हे मात्र आम्ही विचारत नाही. घरच्यांनी लिहिलं ते खरं.

जुलैतल्या एका रात्री त्या शब्दावर माझं पेन अडकलं. शिगम्यापासून माझं पोट दुखत होतं, म्हणजे चार महिने. हा अल्प झाला की दीर्घ? आणि आजार तरी कसला? ज्याला नामच नाही त्याला विशेषण कुठून लावणार.

सुरुवात साधीच होती. जेवून अर्धा-पाऊण तास झाला की बेंबीच्या उजवीकडे, खालच्या अंगाला काहीतरी धरायचं. आम्ही घरी कोकणी बोलतो आणि कोकणीत पोट नुसतं दुखत नाही, चावतं. 'पोटांत चाबता.' डॉक्टरांना मराठीत सांगताना मी कळ म्हणालो, मुरडा म्हणालो, पण खरं ते चावणंच होतं. दात लागायचे, सुटायचे, परत लागायचे. मग पोटातून असा काही आवाज निघायचा की पलीकडच्या टेबलावरचा उपसंपादक मान वर करायचा. आणि मग धाव.

बांदोड्याहून पणजीला मी स्कूटरनं जातो. म्हार्दोळ, बाणस्तारीचा पूल, जुनं गोवें, रायबंदर, पणजी. हा रस्ता मला पूर्वी देवळा-चर्चांच्या हिशेबानं पाठ होता, आता शौचालयांच्या हिशेबानं पाठ आहे. कुठल्या पेट्रोल पंपावर कुलूप असतं आणि चावी कोणाकडे मागायची, कुठल्या हॉटेलात चहा घेतल्याशिवाय मागे सोडत नाहीत, सगळं. सर्वांत वाईट तुकडा रायबंदर ते पणजी. पोर्तुगीजांनी १६३०च्या दशकात खाजणातून बांधून काढलेला तो सरळसोट रस्ता. एका बाजूला मांडवी, दुसऱ्या बाजूला मिठागरं, आडोसा म्हणून काही नाही. पर्यटक तिथे गाड्या थांबवून सूर्यास्ताचे फोटो काढतात. मी त्याच तीन किलोमीटरांत घामाघूम होऊन कुलदेवतेपासून वेताळापर्यंत सगळ्यांना हाक मारलेली आहे.

पहिले डॉक्टर म्हणाले, अ‍ॅसिडिटी. सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल, एक महिना. मग म्हणाले, जंत असतील, अल्बेंडाझोल एकच गोळी. मग म्हणाले, तुमचं जागरण आहे, चहा आहे, ऑफिसचं टेन्शन आहे, टेन्शन घेऊ नका. टेन्शन घेऊ नका हे वाक्य मी मे महिन्यात इतक्यांदा ऐकलं की त्याचंच घेऊ लागलो. बरं, ते अगदी खोटं होतं असंही नाही. चिडलो की पोट बिघडायचं, पान उशिरा सुटलं की बिघडायचं. पण रविवारी, घरी, काही न करता पडून असतानाही बिघडायचं. ते मी सांगितलं तर म्हणाले, तुम्ही फार विचार करता.

नाव द्यायला मग सगळेच पुढे आले. बायकोच्या बहिणीनं गहू बंद करायला लावला, म्हणजे पोदेराचा उंडो, आमचा पाव, गेला, आणि उंड्याशिवाय संध्याकाळचा चहा म्हणजे नुसतं गरम पाणी. शेजारी म्हणाले वात. आईनं मीठ-मिरसांगा ओवाळून दिश्ट काढली. मिरच्या चुलीत टाकल्या, ठसका आला नाही, म्हणजे दिश्ट होतीच असा निकाल लागला. ऑफिसात पानं लावणारी मुलगी एकदा हळूच म्हणाली, सर, मी बांबोळीला फुलांच्या खुरसाला (क्रॉसला) तुमच्यासाठी फुलं घालून आले. हे ऐकून मला उगीच रडू आलं. तिनं माझ्या आजाराला कुठलंच नाव दिलं नव्हतं, म्हणून असेल.

जूनच्या अखेरीस वजन ७१वरून ६३वर आलं होतं. पट्ट्याला मी खिळ्यानं दोन भोकं पाडली. संध्याकाळी अंगात कणकण. तेव्हा पणजीत एका पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. वयस्क बाई, चष्मा नाकावर, कमी बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "दुखण्यानं रात्री झोप मोडते का?"

मी म्हणालो, रात्री मी जागाच असतो, माझी पाळी असते.

"मग झोपता केव्हा?"

"पहाटे दोनला."

"मग पहाटे मोडते का?"

मोडत होती. चार-साडेचारला, रोज. त्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. नुसत्या टेन्शनचं पोट झोपलेल्या माणसाला बहुधा उठवत नाही, म्हणाल्या. वजन उतरणं, ताप, रक्त कमी होणं आणि झोपेतून उठवणारं दुखणं ही सगळी एकत्र आली की आत बघायचं असतं. चार महिन्यांत मला पहिल्यांदा बरं वाटलं. आपल्याला खरोखरच काहीतरी झालेलं आहे, याचा आनंद होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं.

मग तपासण्या. हिमोग्लोबिन १०.४. शौचात कॅलप्रोटेक्टिन नावाचं एक प्रथिन मोजतात, आतड्याला सूज असली की ते वाढतं. ५०च्या आत हवं, माझं ६४० निघालं. गव्हाची तपासणी चांगली आली, उंडो परत सुरू झाला. सोनोग्राफीच्या रिपोर्टात लिहिलं होतं : लिव्हर, स्प्लीन, दोन्ही किडन्या 'अनरिमार्केबल'. अठ्ठेचाळीस वर्षं बिनतक्रार राबणाऱ्या अवयवांना 'उल्लेखनीय नाहीत' असं प्रशस्तिपत्र. रिपोर्टांची इंग्रजी मी नंतर आवडीनं वाचू लागलो, धंद्याची खोडच ती. 'सजेस्टिव्ह ऑफ' म्हणजे आमचं 'सूत्रांकडून समजते'. 'क्लिनिकल कोरिलेशन अ‍ॅडव्हाइज्ड' म्हणजे 'या मताशी संपादक सहमत असतीलच असे नाही'.

कोलोनोस्कोपीबद्दल लोक कुजबुजत विचारतात म्हणून सांगतो. तपासणीत काही नाही, झोपेचं इंजेक्शन देतात, उठता तेव्हा झालेलं असतं. खरी कथा आदल्या दिवसाची. आतडं धुऊन काढायचं असतं. दोन लिटर पाण्यात पावडर कालवायची आणि दर पंधरा मिनिटांनी एक पेलो प्यायचा. चव मीठ घातलेल्या लिंबू सरबतासारखी, लिंबू वजा जाता. त्या दिवशी जेवण नाही. आडसराचं (शहाळ्याचं) पाणी चालतं, पेजेची वरची निवळ चालते, पण लाल काही प्यायचं नाही, कारण कॅमेऱ्यात ते रक्तासारखं दिसतं. म्हणजे आमसुलांची तिवळ बंद. आमच्या घरात पोटाच्या प्रत्येक तक्रारीवर आमसुलं हाच उपाय, त्यामुळे आईला हे डॉक्टर संशयास्पद वाटू लागले.

घर आमचं जुनं. न्हाणी आत, पण संडास मागल्या दारी, अंगण ओलांडून माडांच्या खाली. जुलैचा पाऊस. मुलगी मोबाईलवर पंधरा मिनिटांचा गजर लावून बसलेली, बायको दारात छत्री उघडून तयार, आणि मी पेलो संपवून धावतोय. आठव्या फेरीला वीज गेली. अकराव्या फेरीला छत्री उलटी झाली. आई मागल्या दारी पाटावर बसून मोजत होती. चौदाव्या फेरीला म्हणाली, "देवळांत इतल्यो प्रदक्षिणा घाल्ल्यो जाल्यार इतल्यांत देव पावतलो." सगळे हसलो, मीही, आणि हसताना पोट आवळून धरावं लागलं, कारण त्या अवस्थेत हसणं धोक्याचं होतं.

आणि हे सगळं तीन आठवड्यांनी परत करावं लागलं. लहान आतडं मोठ्याला मिळतं त्या जागी व्रण दिसले. तपासणीच्या ठिकाणी (नाव घेत नाही) तिथले आठ तुकडे काढले आणि आठही फॉर्मेलिनमध्ये टाकले. सूक्ष्मदर्शकाखाली बघायला फॉर्मेलिन हवंच, पेशी त्यात जशाच्या तशा राहतात. पण जंतू मरतात. जंतू वाढवून बघायचे तर एक-दोन तुकडे साध्या सलाइनमध्ये पाठवावे लागतात. चिठ्ठीत तसं लिहिलेलं होतं, माझ्या डोळ्यांनी वाचलं होतं. चूक एका ओळीची. माझ्या पानावर एक ओळ गळली तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापतात. इथे माणसाला पुन्हा दोन लिटर प्यावे लागतात. मी भांडलो नाही, अंगात ताकद नव्हती. आता लिहिताना मात्र राग येतोय.

पहिल्या आठ तुकड्यांचा रिपोर्ट आला : ग्रॅन्युलोमा आहेत, म्हणजे पेशींच्या गाठी आहेत, पण त्या गाठींच्या मध्ये कुजल्यासारखा भाग नाही. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीच्या पाठीवर एक रेघ ओढली आणि तिला दोन फाटे काढले. एकावर लिहिलं टीबी, दुसऱ्यावर क्रोन्स.

आतड्याचा क्षय आणि आतड्याला कायमची सूज आणणारा क्रोन्स हे दोन्ही आजार नेमके त्याच कोपऱ्यात घर करतात. तसेच व्रण, तसाच ताप, तसंच वजन उतरणं. न्यूयॉर्कच्या क्रोन आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९३२ साली क्रोन्स वेगळा आजार म्हणून मांडला, तेव्हा त्यांनाही हा क्षय नव्हे हे आधी दाखवावं लागलं होतं. आपल्या देशात क्षय भरपूर, त्यामुळे डॉक्टरांपुढचा हा पेच नेहमीचा. आणि चुकलं तर दोन्हीकडून चुकतं. क्रोन्स समजून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं दिली आणि आत क्षय असला, तर तो मोकाट सुटतो. क्षय समजून गोळ्या दिल्या आणि क्रोन्स असला, तर महिने जातात आणि आतडं आतल्या आत आकसत राहतं.

मी विचारलं, यातला बरा कुठला?

"टीबी," त्या म्हणाल्या, जराही न थांबता. "सहा महिने गोळ्या, बहुतेक माणसं पूर्ण बरी होतात. क्रोन्स आटोक्यात ठेवता येतो, पण तो सोबत राहतो."

त्या संध्याकाळी रायबंदरच्या रस्त्यावर माझ्या लक्षात आलं की मी मनात टीबी, टीबी, टीबी असा जप करतोय.

हे घरी कसं सांगायचं? बायकोला सांगितलं. आईला नाही. आईचा थोरला भाऊ १९५४ साली क्षयानं गेला. ती आठ वर्षांची होती. घरात त्या आजाराचं नाव घेत नसत, 'तें दुयेंस', ते दुखणं, म्हणत. त्याचं ताट, पेलो, वाकळ सगळं वेगळं. अंगणापलीकडच्या खोपीत तो झोपायचा आणि आईनं त्याला शेवटचे सहा महिने लांबूनच पाहिलं. मी त्या दिवसांत उगाच वाचत बसायचो. आयसोनियाझिड हे क्षयावरचं स्वस्त आणि गुणकारी औषध १९५२ साली वापरात आलं. बांदोड्याच्या त्या खोपीपर्यंत दोन वर्षांत ते पोचलं नाही.

म्हणजे ज्या शब्दासाठी मी देव पाण्यात घालून बसलो होतो, तोच शब्द ऐकून आईच्या पायाखालची जमीन गेली असती. क्रोन्स म्हटलं असतं तर तिला काही वाटलं नसतं. ख्रिस्तांव आडनाव असेल म्हणाली असती.

दुसऱ्या तपासणीचे तुकडे सलाइनमधून गेले आणि बेचाळीस दिवस सुरू झाले. क्षयाचा जंतू फार संथ. शौचातला ई. कोलाय चांगलं खायला मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो, याला त्यासाठी वीस-एक तास लागतात. म्हणून प्रयोगशाळा नळीत तुकडा ठेवून ४२ दिवस बघते आणि त्यानंतरच 'वाढ नाही' असं लिहिते. हे समजलं तेव्हा फोन करकरून विचारणं मी सोडलं. पलीकडची मुलगी आळशी नव्हती, जंतू आळशी होता. पण पोटाला हे कोण सांगणार? रात्री पान सोडल्यावर मी ऑफिसच्या कॅलेंडरवर फुली मारायचो. बाकीच्यांना वाटायचं रजेचा हिशेब आहे.

त्यातच चवथ आली. गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची माटोळी मीच बांधतो दरवर्षी. यंदा शिडीवर दोनदा चढलो आणि उतरून बसलो, बाकीची मुलीनं बांधली. खतखतें, नेवऱ्या, पातोळ्या पानात वाढून घेतल्या आणि आटवल, म्हणजे आजाऱ्याची मऊ खिचडी, खाल्ली. घरी येणारा प्रत्येक जण पहिलं वाक्य तेच बोलायचा, "कितलो बारीक जाला रे तूं!" आणि दुसरं, "दोतोर कितें म्हण्टा?" दोतोर कितें म्हणता ते सांगण्यासारखं नव्हतं. "तपासणी चालू आसा," असं मी दीडेक दिवसात साठ वेळा म्हणालो असेन. लोकांना ते पुरत नाही. नाव नसलं की माणसं तुमच्याकडे जरा संशयानं बघतात, नाहीतर स्वतःच एखादं चिकटवून जातात.

पंचमीनंतर आई मला ग्रामदेवतेच्या देवळात घेऊन गेली, कौल लावायला. भटजी मूर्तीवर ओल्या पाकळ्या लावतात, प्रश्न सांगायचा आणि बसायचं. उजवी पडली तर देवीचा होकार. आईनं माझ्या वतीनं गाऱ्हाणं घातलं. डोळे मिटून, हात जोडून, मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "माये, म्हज्या पुताक तें नासूं दी." माझ्या मुलाला 'तें' नसू दे. तें. मी तिच्याकडे बघितलं. तिनं डोळे उघडले नाहीत.

मी बाजूलाच बसून नेमकं उलटं मागत होतो. एकाच पाकळीकडे दोघे बघत बसलो होतो. पाऊण तास लागला. बाहेर पाऊस पडून गेला, समईची वात एकदा सारली गेली. पाकळी उजवीच पडली. आईच्या चेहऱ्यावरचं सुटलेलं ओझं मला स्पष्ट दिसलं. मी म्हणालो, बरें जालें. स्कूटरवर मागे बसून घरी येईपर्यंत ती माझ्या पाठीला धरून होती, एरवी ती सीटची दांडी धरते.

सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात वजन ६१ झालं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी थांबायचं नाही असं ठरवलं. क्षयाची औषधं सुरू करू, दोन महिन्यांनी परत आत बघू; व्रण भरले असतील तर टीबी, नसतील तर दुसरा फाटा. औषध हीच तपासणी. वजनाच्या हिशेबानं रोज चार गोळ्या, एकेका गोळीत चार-चार औषधं. सरकारी योजनेतून फुकट मिळतात. लघवी तिवळीसारखी लाल-केशरी होते, घाबरू नका, असं आधीच सांगितलं होतं, तरी पहिल्या दिवशी दचकलो. आईला सांगितलं, पोटाच्या गोळ्या आहेत. ते खोटं नव्हतं. महिनाअखेरीस प्रयोगशाळेचा कागदही आला : ४२ दिवसांत वाढ नाही. आतड्याच्या क्षयात जंतू सापडत नाही असं पुष्कळदा होतं, त्यामुळे या कागदावरून ना हो ना नाही. त्यावर मी श्रद्धांजलीच्या पानाचा गठ्ठा ठेवला आणि कामाला लागलो.

एक गोष्ट मात्र मी विसरलो होतो. क्षयाचा उपचार सुरू झाला की सरकारकडे नोंद होते, आणि नोंद झाली की आरोग्यसेविका घरी येते, घरातल्या बाकीच्यांची विचारपूस करायला. ती गेल्या मंगळवारी आली. दुपारी साडेचारला. मी पणजीत होतो, बायको शाळेत होती.

रात्री सव्वा वाजता पोचलो तर सोप्यावर दिवा. आई एवढ्या रात्री जागी नसते.

"नर्स आयिल्ली," ती म्हणाली. "घरांत कोणाक खोंकली आसा काय म्हण विचारूंक."

मी चावी हातात धरून तसाच उभा. म्हणालो, छातीत नाही आई, एक्स-रे साफ आहे, पोटातला कोणाला लागत नाही. आणि अजून नक्की काहीच नाही.

"जाणां हांव. तिणें सांगलें."

पलीकडच्या वाड्यावर कुत्रं भुंकत होतं. ती बराच वेळ अंगणापलीकडे बघत होती. खोप आता नाही तिथे, केळी आहेत.

"म्हज्या भावाक ह्यो गुळयो मेळूंक नात," एवढं बोलून ती आत गेली.

गोळ्या सकाळी उपाशीपोटी घ्यायच्या, आणि त्यानंतर तासभर काही खायचं नाही. रात्रपाळीचा माणूस मी, पण त्यासाठी सातला उठतो, गोळ्या घेतो, तासानं पेज खातो आणि परत झोपतो. बुधवारी उठलो तर माझ्या नेहमीच्याच ताटाजवळ पाण्याचा पेलो भरून ठेवलेला, आणि चार गोळ्या पाकिटातून काढून बशीत मांडलेल्या. मी गिळल्या. आईनं पेजेचं भांडं चुलीवरून उतरवलं, झाकण ठेवलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"आठ वरांचेर," ती म्हणाली.